नोटिशीत नसलेली दुपार

चि. स अनेक आशीर्वाद.

नोटिशीचा फोटो मिळाला. त्याखालचं ‘काका, अन्न व औषध प्रशासनाच्या ठाण्याच्या ऑफिसात कोणी ओळखीचं आहे का?’ हेही वाचलं. आहेत, पण नाव सांगणार नाही. तुला आलेली ही अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 32 खालची सुधारणा नोटीस आहे. हॉटेलला अजून टाळं लागलेलं नाही. अशा नोटिशीत किमान 14 दिवसांची मुदत द्यावीच लागते. तेवढ्यात काम झालं नाही, तर मात्र परवाना निलंबित होऊ शकतो आणि पुढे रद्दही.

फुटक्या फरशा, बिनझाकणाचा कचऱ्याचा डबा, पोरांची मेडिकल सर्टिफिकेटं: ही कामं आठवड्याभरात उरकतील. सर्टिफिकेटं दरवर्षी लागतात, टायफॉइडच्या लशीची नोंदही त्यातच ठेव. झुरळांसाठी नुसता स्प्रे मारून घेऊ नकोस. फ्रीजच्या मोटरमागची उबदार जागा आणि मोरीखालचा ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेलकट गाळ अडवणारी पेटी, साफ होत नाही तोवर पेस्ट कंट्रोलवाल्याचा फक्त धंदा होतो.

पण मला काळजी वेगळीच आहे. तपासणीचे साहेब बाराला आले आणि एकला गेले. त्या वेळी भटारखाना पेटलेला असतो, सगळं उकळतं असतं. त्यांच्या जागी मी असतो तर साडेतीनला आलो असतो. दुपारच्या थाळ्या आटोपलेल्या, वस्ताद आडवा झालेला, आणि संध्याकाळच्या फ्राइड राइससाठी शिजवलेला भात मोठ्या टोपात, वर फडकं टाकून, कट्ट्यावर. शेजारी लाल ग्रेव्हीचं पातेलं. तुझ्याकडे हे मी दिवाळीत पाहिलंय, तेव्हा नाही म्हणू नकोस.

त्या भातात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू असतो. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारं हे विष उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे संध्याकाळी कढईत कितीही मोठ्या आचेवर भात परतलास तरी ते जात नाही. गिऱ्हाइकाला रात्री उलट्या होतात आणि तो दोष मात्र चिकनला देतो!

अन्न 60 अंशांच्या वर गरम ठेवायचं किंवा 5 च्या खाली थंड. मधल्या पट्ट्यात ते जितकं कमी राहील तितकं बरं. 60 वरून 21 वर दोन तासांत आणायचं. मोठ्या टोपात हे होणारच नाही, कारण मधला भात रात्रीपर्यंत गरम असतो. म्हणून पसरट स्टीलच्या ट्रेमध्ये चार बोटांपेक्षा कमी थर दे, पंख्याखाली निववून लगेच फ्रीजमध्ये टाक. ग्रेव्हीचं पातेलं बर्फाच्या पाण्यात उभं करून ढवळायचं. गरम पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकललं, तर आतलं पनीर आणि दूधही कोमट होतं. ग्रेव्ही पुन्हा तापवताना मधोमध 75 अंश दिसले पाहिजेत. एक टोचायचा थर्मामीटर घे. वस्ताद हसेल, ‘हात लावून कळतं’ म्हणेल. हसू दे. रोज साडेतीनला तापमान मोजून वहीत लिही आणि त्या नोंदीवर मात्र त्याचीच सही घे, मग बघ कसा लक्ष घालतो.

तळणीच्या तेलाचंही बघ. तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे खराब घटक, म्हणजे पोलर कंपाउंड, 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, हा नियम 2018 पासून लागू आहे. तुझ्या कढईतलं तेल मात्र मोजण्याआधीच सांगता येईल इतकं काळं होतं.

घोडबंदरला टँकर घेतल्यावाचून तुझं चालणार नाही, हे मान्य. पण टाकी धुतल्याच्या तारखा लिहून ठेव आणि पाण्याचा रिपोर्ट मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचाच घे. तपासणीचा नमुना घरच्या नळाचा न देता भटारखान्यातल्या नळाचा दे. (घरचा देणारे आहेत, म्हणून लिहिलं.)

नमुना न्यायला साहेब पुन्हा आले तर घाबरू नकोस, हुज्जतही घालू नकोस. ते चार भाग करून सील करतात. त्यातला एक मान्यताप्राप्त खाजगी प्रयोगशाळेत पाठवायची मागणी तू करू शकतोस, खर्च तुझा. कागद वाचून मगच सही कर.

नोटिशीचं उत्तर मुदतीच्या आत, मुद्द्यांच्या क्रमाने, बिलं आणि फोटो लावून दे आणि पोच घे. दुपारच्या नोंदवहीची झेरॉक्सही जोड, कोणी मागितली नसली तरी. ट्रे कुठल्या मापाचे घ्यायचे ते फ्रीजचे कप्पे मोजून मला कळव, म्हणजे वागळे इस्टेटला माझ्या ओळखीचा भांडीवाला आहे, त्याला सांगतो. ती ओळख वापरायला हरकत नाही.

तुझा,
काका