सुटावर काय जातं?

ठाण्यात जांभळी नाक्याजवळ शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. नोकरीसाठी लंडन, एडिंबरा, टोरांटो अशा थंड गावी निघालेली मुलं त्यांच्याकडे सूट शिवायला येतात आणि हल्ली ओव्हरकोटही मागतात. गडद, साध्या सुटावर कुठला ओव्हरकोट आणि कुठली हॅट घालावी, याचं एक मराठी पत्रक त्यांना दुकानात लावायचं आहे. मुलीने मोबाइलवर भाषांतर करून पाहिलं, तर निघालं, ‘पुराणमतवादी सुटासह बाह्यकोट आणि औपचारिक टोपी यांची जोडणी’. ते विचारतात, हे शुद्ध मराठी असेल, पण गिऱ्हाइकाला कळेल का? आणि ओव्हरकोटला आपला ‘डगला’ का म्हणू नये?

कळणार नाही, आणि हे शुद्ध मराठीही नाही. यातला प्रत्येक शब्द मराठी कोशात सापडेल, पण तो या जागचा नाही.

सुरुवात ‘पुराणमतवादी’पासून. त्यात ‘मत’ आहे, आणि मत माणसाला असतं, कापडाला नसतं. इंग्रजीत ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ हा एकच शब्द माणसाला, पक्षाला आणि सुटाला चालतो. मराठीने तिघांना तीन वाटा दिल्या. माणूस पुराणमतवादी किंवा सनातनी. विलायतेतला तो पक्ष आपल्या वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं ‘हुजूर पक्ष’ लिहिला, समोरचा ‘मजूर पक्ष’. आणि कपड्याला आपण सरळ ‘सोबर’ म्हणतो. ठाण्यातल्या कुठल्याही दुकानात ‘जरा सोबर दाखवा’ म्हटलं की गडद निळा, करडा, फार तर बारीक रेघेचा तागा समोर येतो. पत्रकात ‘सोबर’ बेलाशक लिहा. मराठीच हवा असेल तर मला ‘नेमस्त’ फार आवडतो. टिळकांच्या काळात जहालांच्या समोरचे ते नेमस्त. त्या राजकारणाबाहेरही या शब्दात बेताचं, मर्यादेतलं, उगाच डोळ्यांत न भरणारं असा अर्थ आहे, आणि हा सूट नेमका तसाच असतो.

‘औपचारिक’ मात्र काढाच. ‘ते सगळं औपचारिक होतं’ असं आपण म्हणतो तेव्हा मनापासून नव्हतं, नावापुरतं होतं, असा अर्थ होतो. औपचारिक हॅट म्हणजे नावापुरती डोक्यावर ठेवलेली हॅट, असं ऐकू येतं.

आता डगला. हा शब्द मलाही प्रिय आहे. हिंदीत ‘दगला’ म्हणजे कापूस भरलेला जाड अंगरखा, गुजरातीत ‘डगलो’ म्हणजे लांब कोट, आणि पारशी गृहस्थ लग्नकार्यात घालतात तो पांढरा कोट ‘डगली’. म्हणजे थंडीचा, अंगातल्या कपड्यावरून घालायचा लांब कपडा हा अर्थ त्यात आहेच. अडचण आहे ती त्याच्या सोबत्यांची. डगला म्हटलं की मराठी कानाला ढगळ आणि पायघोळ असं काहीतरी दिसतं, खांद्यावरून ओघळलेलं. आणि चांगल्या ओव्हरकोटाची सगळी कसोटी तो ढगळ नसण्यात आहे.

हे मी त्यांच्याच दुकानात पाहिलं. एका मुलाची कच्च्या टाक्यांची ट्रायल चालू होती. मुलगा शर्टावर उभा राहिला, तर त्यांनी आधी सुटाचा कोट अंगात चढवायला लावला आणि मगच वरचा कोट दिला. माप सुटावरून घ्यायचं, कारण ओव्हरकोट सुटावरच चढायचा असतो. मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती जागा, जरा खोल हवा, नाहीतर आतला खांदा चुरगळतो. मग त्यांनी मुलाला हात सरळ सोडायला सांगितलं आणि मनगटाजवळ बोट ठेवलं. सुटाच्या बाहीतून शर्टाची कड बोटभर दिसली पाहिजे, पण ओव्हरकोटाच्या बाहीतून ना शर्ट दिसावा ना सूट. खाली सुटाची कड पूर्ण झाकली पाहिजे, आणि नेमस्त सुटावर उंची गुडघ्याशी. याला डगला म्हटलं तर त्यांच्या हातातलं काम शब्दात हरवतं. म्हणून ओव्हरकोटच लिहा. ‘कोट’ आपण शंभर वर्षांपूर्वीच घरचा करून घेतला आहे, ‘ओव्हर’ त्याच्यामागून आला. लंडनला निघालेल्या मुलाने तिथल्या दुकानात हाच शब्द बोलायचा आहे, हेही आहेच.

टोपीचा मुद्दा याहून नाजूक आहे. ‘कोट-टोपी’ ही जोडी मराठीत आधीपासून आहे, आणि तिचं चित्र पक्कं आहे: बंद गळ्याचा कोट, खाली धोतर, डोक्यावर काळी टोपी. माझे आजोबा कचेरीत असेच जात. घरी आले की कोट खुंटीला, आणि टोपी मात्र कोटाच्या वर वेगळ्या खुंटीला, कारण ती दबलेली त्यांना चालत नसे. पत्रकात ‘कोटावर टोपी’ वाचलं की वाचकाला आजोबाच दिसणार. शिवाय ‘टोपी घालणं’ म्हणजे फसवणं. दुकानदाराने गिऱ्हाइकासाठी लावलेल्या कागदावर ते नकोच.

परक्याच्या डोक्यावरचं आपल्यापेक्षा वेगळं आहे हे मराठी माणसाने फार पूर्वी टिपलं होतं. शिवकाळाचा कारभार पाहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच) या सगळ्यांना मिळून ‘टोपीकर’ म्हटलं आहे. तेव्हा आपल्याकडे पागोटी होती, टोपी ही परक्याची खूण होती. पुढे टोपी आपली झाली, आणि परक्याच्या त्या काठवाल्या टोपीसाठी ‘हॅट’ घ्यावा लागला. चालीरीतीतही फरक राहिला. आपल्याकडे पूर्वी मोठ्यांपुढे बोडक्याने जात नसत, पगडी घालूनच सभेत बसत. तिकडे उलट, छपराखाली आलं की हॅट काढायची. पत्रकात ही ओळ जरूर घाला, कारण मुलाला ती कुणी सांगणार नाही. ‘ऑफिसात शिरताना हॅट हातात घ्यावी’ एवढं पुरे.

हॅटांची नावं आहेत तशीच ठेवा: होम्बर्ग, फेडोरा, बोलर (गोल, ताठ माथ्याची). होम्बर्ग हे जर्मनीतल्या गावाचं नाव, आणि इंग्लंडच्या सातव्या एडवर्डने ती हॅट लोकप्रिय केली. फेडोरा हे फ्रेंच नाटककार सार्दूच्या १८८२ च्या नाटकातल्या नायिकेचं नाव. गावांची आणि माणसांची नावं कुणी भाषांतरित करत नाही. वर्णन मात्र मराठीत सुरेख होतं. होम्बर्गच्या माथ्यावर मधोमध एकच खोल घडी, काठ ताठ आणि कडेने वर वळलेला, त्यावर फीत शिवलेली. फेडोराचा माथा पुढून दोन्ही बाजूंनी चिमटलेला, काठ मऊ, पुढचा भाग डोळ्यांवर झुकवता येणारा. दोन्ही फेल्टच्या. फेल्ट म्हणजे न विणता दाबून केलेली लोकर. तिला ‘नमदा’ हा जुना शब्द आहे, पण आज तो कंसाशिवाय कळणार नाही, तेव्हा फेल्टच बरा. नेमस्त सुटावर, मखमली कॉलरचा चेस्टरफील्ड नावाचा ओव्हरकोट घातला असेल तर होम्बर्ग शोभते. रोजच्या साध्या ओव्हरकोटावर फेडोरा. लिंगाचा गोंधळ नको: तो सूट, तो ओव्हरकोट, ती हॅट. ‘सूट मिळाला’ आणि ‘सूट मिळाली’ यांत दुकानदाराचं बरंच काही अडकलेलं असतं.

आणि राहिली ती ‘जोडणी’. माझं खरं सांगणं इथेच आहे. जोडणी गॅसची, नळाची, विजेची. कपड्यांसाठी मराठीने एक छोटं, फार सुंदर क्रियापद ठेवलं आहे: जाणं. ‘या साडीवर ते पोलकं जातं.’ ‘नऊवारीवर हे दागिने जात नाहीत.’ आई-मावश्या कपाटासमोर उभ्या राहून दिवसभर हे बोलतात, आणि लिहायला बसलं की आपण ते विसरतो. नुसत्या ‘वर’ या शब्दयोगी अव्ययात सगळं येतं. नेसणं, घालणं, पांघरणं, बांधणं, लेणं इतकी वेगवेगळी क्रियापदं ज्या भाषेने अंगावरच्या वस्तूंसाठी केली, तिला ‘जोडणी’ उसनी आणायची गरज नाही. धोतर नेसतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात, दागिने लेतात. ओव्हरकोट चढवतात, हॅट घालतात.

तेव्हा पत्रकासाठी हा मजकूर पाहा. शिवण तुमची, मी फक्त शब्द मापात बसवले आहेत:

‘सोबर सुटावर कुठला ओव्हरकोट जातो? गडद निळा, काळा किंवा करडा, गुडघ्यापर्यंतचा. उंटाच्या रंगाचाही चालतो. माप सुटावरून घेतलं जाईल, ट्रायलला सुटाचा कोट सोबत आणावा. बाहीतून आतली बाही दिसू नये. वर फेडोरा जाते. मखमली कॉलर असेल तर होम्बर्ग. आत गेल्यावर हॅट काढावी.’

‘ओव्हरकोट’ एकच शब्द, मध्ये जागा नको. आणि ‘हॅट’वर अर्धचंद्र रंगाऱ्याकडून न विसरता काढून घ्या.