तुमचे आवडते कॉमिक्स सुपरहिरो कोणते? क्रमाने सांगा, फेमस नसलेलेही चालतील.

पहिला नंबर स्पायडरमॅन, यात वादच नाही, कारण १९६२ पासून हा पोरगा जग वाचवतोय आणि तरी भाड्याचे वांदे, वर मे काकूची काळजी वेगळीच. दुसरा मात्र बॅटमॅन नाही हां, ध्रुव! हिंदीतल्या राज कॉमिक्सचा सुपर कमांडो ध्रुव, सर्कशीत वाढलेला, उडता येत नाही की काही नाही, नुसतं डोकं, मोटरसायकल आणि प्राणी-पक्ष्यांशी बोलणं, एवढ्यावर समोरच्याचा बाजार उठवतो. त्याच्यामागे डोगा, आपल्या मुंबईचा, कचराकुंडीत सापडलेलं पोर, कुत्र्याचा मुखवटा घालून गुंडांना धुतो, फार विचार बिचार करत नाही.

बॅटमॅन चौथा. एवढा पैसा असल्यावर कोणीही होईल राव. (शिव्या खायला तयार आहे.)

आणि जिचं नाव घेतलं की मित्र हसतात ती स्क्विरल गर्ल, स्पायडरमॅनवाल्या मार्व्हल कंपनीचीच, नव्वदीच्या सुरुवातीला आलेली, पॉवर काय तर खारी हिचं ऐकतात, पण पहिल्याच गोष्टीत डॉक्टर डूमसारख्या खतरनाक व्हिलनवर खारींची फौज सोडून त्याला पार रडकुंडीला आणलाय, आयर्न मॅन तिथेच असून त्याला जमलं नव्हतं!

सुपरमॅन लिस्टमध्ये नाही. त्याला काही होतच नाही, मग टेन्शन कसलं घ्यायचं?