सातबारे जोडले, टक्का लिहायचा राहिला

प्रश्न असा आहे. एका शेतकरी उत्पादक कंपनीने केंद्र सरकारच्या एका संस्थेसाठी जेम या सरकारी ऑनलाइन खरेदी पोर्टलवर तूरडाळीची बोली लावली. ऑर्डर साधारण तीन कोटींची. कंपनीचा भाव एल-वनपेक्षा, म्हणजे सर्वांत कमी भाव देणाऱ्या बोलीदारापेक्षा, साडेनऊ टक्क्यांनी जास्त होता. एल-वन कंपनीत परदेशी भांडवल आहे, तरी सगळी ऑर्डर तिलाच गेली. संचालक विचारतात, "आमचे ३१२ सभासद, सगळे शेतकरी, सगळे भारतीय. मग स्वदेशीला प्राधान्य म्हणतात ते कुणाला? हायकोर्टात जावं का?"

संचालक महोदय,

याच अर्थाची पत्रं मला वरचेवर येतात. कधी डाळ असते, कधी हळद, कधी गूळ. त्यामुळे उत्पादक कंपनी म्हणजे काय, जेम म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. थेट तुमच्या पत्रातल्या चौथ्या ओळीवर येतो. ती तुम्ही सहज लिहिली आहे, पण प्रकरण तिथेच अडलं आहे: "स्थानिक घटकांच्या टक्केवारीचा रकाना होता, पण आम्ही सगळे सातबारे जोडले होते म्हणून तो कोरा सोडला."

केंद्राच्या खरेदीत देशी मालाला प्राधान्य मिळतं ते १५ जून २०१७ च्या मेक इन इंडिया आदेशाने. तो पुढे अनेकदा सुधारला, अलीकडे १९ जुलै २०२४ ला. हा आदेश कंपनीचे भागधारक कुठले हे विचारत नाही, मालाच्या किमतीत देशी वाटा, म्हणजे स्थानिक घटक, किती हे विचारतो. पन्नास टक्के किंवा जास्त असेल तर पुरवठादार पहिल्या वर्गाचा, वीस ते पन्नासच्या दरम्यान असेल तर दुसऱ्या वर्गाचा, वीसच्या खाली असेल तर स्थानिक नाहीच. म्हणजे परदेशी भागधारकांची कंपनी लातूरच्या बाजारातली तूर घेऊन इथेच भरडत असेल तर ती तुमच्याइतकीच स्थानिक. आणि उद्या तुमच्या ३१२ शेतकऱ्यांनी मोझांबिकची तूर आणून भरडली, तर सगळे सातबारे जवळ असूनही पहिला वर्ग हातचा जाऊ शकतो.

मालकीचा मुद्दा येतो तो दुसऱ्या दारातून. २३ जुलै २०२० ला केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतल्या १४४ व्या नियमात भर पडली. भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतल्या बोलीदारांना आधी नोंदणी करावी लागते, आणि कंपनीमागचा खरा मालक कोण हेही पाहिलं जातं. तुमच्या एल-वनचे भागधारक सिंगापूरचे आहेत असं तुम्ही लिहिता. त्यांच्याही मागे कोण आहे, हे कागद पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. माझ्या मते या दारातून तुमच्या हाती फारसं काही लागणार नाही.

आता तो कोरा रकाना. आदेशाचा नववा परिच्छेद सांगतो की बोली लावतानाच पुरवठादाराने स्थानिक घटकांची टक्केवारी लिहायची, तसं स्वतः प्रमाणित करायचं आणि मूल्यवर्धन कुठल्या ठिकाणी होतं तेही द्यायचं. दहा कोटींच्या वर असेल तर लेखापरीक्षकाचं प्रमाणपत्र लागतं. तुमच्या ऑर्डरला तेही नको होतं. कंपनीच्या लेटरहेडवर चार ओळी आणि सही, बस. "आमची तूर आमच्याच शिवारातली, हे सरकारला दिसत नाही का?" असं तुम्ही विचारता. नाही दिसत. सातबारा जमीन कुणाची हे सांगतो, डाळीत काय आहे हे सांगत नाही. रकाना कोरा राहिला की खरेदी अधिकाऱ्याच्या लेखी तुम्ही कुठल्याच वर्गात नाही, आणि वर्ग नाही तर प्राधान्यही नाही.

काय गमावलंत तेही ऐका. डाळीसारख्या, वाटून देता येणाऱ्या मालात एल-वन पहिल्या वर्गाचा नसेल तर त्याला निम्मीच ऑर्डर मिळते. उरलेली निम्मी पहिल्या वर्गातल्या सर्वांत कमी भाववाल्याला एल-वनच्या भावाने देऊ करतात. अट एवढीच की त्याचा मूळ भाव वीस टक्क्यांच्या आत असावा. तुम्ही साडेनऊवर होतात. आता एल-वनच्या भावापर्यंत खाली उतरून ती डाळ तुम्हाला परवडली असती का, हा प्रश्न कायद्याचा नाही, पण कोर्टाचा खर्च काढण्याआधी एकदा स्वतःला विचारा.

एल-वन पहिल्या वर्गाचा होता का, हा मुद्दा मात्र मला खरंच महत्त्वाचा वाटतो. म्यानमार, मोझांबिक, मलावी इथून तूर मोठ्या प्रमाणावर आयात होते, आणि डाळीच्या किमतीत सगळ्यात मोठा वाटा कच्च्या तुरीचाच. हिशेब असा: देशांतर्गत कर वगळून मालाची एकूण किंमत धरा, त्यातून आयात मालाची किंमत सीमाशुल्कासह वजा करा, उरेल त्याची टक्केवारी काढा. समजा १२० रुपयांच्या डाळीत ८५ रुपयांची आयात तूर असेल, तर स्थानिक घटक भरतात एकोणतीस टक्के. म्हणजे दुसरा वर्ग. अशा कंपनीने बोलीत साठ टक्के लिहिलं असेल तर ते खोटं प्रमाणपत्र ठरेल आणि दोन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. पण तिची तूर बंदरातून आली हे तुम्ही कशावरून म्हणता? "ऐकलं आहे" यावर कुणी अधिकारी फाइल उघडत नाही. शिवाय ती कंपनी बाद झाली तरी तुमचा रकाना आपोआप भरला जात नाही.

सूक्ष्म-लघु उद्योगांचा भाव एल-वनच्या वर पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर त्यांना वेगळी सवलत आहे. पण तुमची उद्यम नोंदणी व्यापारी म्हणून असल्याचं पत्रावरून दिसतं. डाळमिल तुमची स्वतःची आहे, मग व्यापारी म्हणून नोंद कुणी केली? व्यापाऱ्यांची उद्यम नोंदणी २०२१ पासून होते, पण ती बँकेच्या प्राधान्यक्रमातल्या कर्जापुरती. ती नोंद आधी दुरुस्त करून घ्या. मागच्या बोलीला तिचा उपयोग होणार नाही.

निकाल लागून अडीच महिने झाले. या काळात तुम्ही आमदारांना भेटलात, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन दिलंत, पोर्टलवर मात्र हरकत नोंदवली नाहीत. जेमवर हरकतीची मुदत तासांत किंवा फार तर थोड्या दिवसांत संपते. आता हायकोर्टात रिट म्हणजे वरातीमागून घोडं. पहिला प्रश्न येईल, इतके दिवस कुठे होतात? दुसरा, दुसऱ्याचा करार होऊन पुरवठा सुरू झाला, त्याचं काय? खरेदीचा निर्णय मनमानी किंवा दुर्हेतूने घेतलेला असल्याशिवाय कोर्ट निविदेत सहसा हात घालत नाही. टाटा सेल्युलर प्रकरणातल्या सुप्रीम कोर्टाच्या १९९४ च्या निकालापासून हे चालत आलं आहे. आणि नोटीस निघून उत्तरं दाखल होईपर्यंत ती डाळ शिजून, वाढून, ताटंही घासून झालेली असतील. आपल्या तारखांचा वेग मी तुम्हाला सांगायला नको.

एक धागा उरतो. छाननीत खरेदीदाराने दुसऱ्या कुणाला राहिलेले कागद जोडण्याची संधी दिली आणि तुम्हाला दिली नाही, असं झालं असेल तर ती असमान वागणूक आहे, आणि तिथे माझं मत बदलेल. त्यासाठी माहिती अधिकारात तांत्रिक छाननीचा अहवाल आणि एल-वनचं स्थानिक घटकांचं प्रमाणपत्र मागा. तीस दिवस लागतात. दुसऱ्या कंपनीचा कागद असल्याने तिला विचारतील, ती व्यापारी गुपिताची ढाल पुढे करेल, म्हणजे आणखी वेळ जाईल. तोवर खरेदी संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. तिला शुल्क असू शकतं, ते आधी पाहा.

आणि बोली लावल्या दिवसापासून जेमवर आलेला प्रत्येक मेल आणि सूचना तपासा, स्पॅममध्येसुद्धा. तुम्हाला खुलासा मागितला होता आणि तुम्ही तो उघडलाच नाहीत, असं निघालं तर मला पुन्हा लिहू नका. नसेल मागितला, तर पोर्टलवरून उतरवलेले मूळ कागद पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो नकोत, त्यात तारखा वाचता येत नाहीत.