वर्षाचं धान्य भरायला कर्ज काढू का?

पारोळा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. घरात पाच माणसं: त्या, मालक, सासूबाई, सहावीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा. किराणा-भाजीपाल्याला महिन्याला 6,500 रुपये, त्याच्या वर एक रुपया निघत नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास भिशीचे 15,000 हातात येणार आहेत. त्यात बचत गटातून साडेसात हजारांचं कर्ज घालून गल्लीतल्या सगळ्यांसारखं वर्षाचं भरून घ्यावं, असं त्यांना वाटतं. तीन क्विंटल गहू, दीड क्विंटल दादर (रब्बीची ज्वारी), 36 किलो तूरडाळ आणि तेलाचे दोन डबे. दुकानदाराची 3,400 उधारी आहे, ती "नंतर फेडू" म्हणतात. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलंय, "पोरं अशक्त दिसतात, खायला तर पोटभर असतं." या शेवटच्या वाक्यामुळेच मी एवढं लांब उत्तर लिहितोय.

ताई, आधी तुमचाच हिशेब मांडतो, भाव तुम्ही दिलेलेच धरतो. गहू बाजार समितीत 2,900 रुपये क्विंटल, दुकानात 36 रुपये किलो. तीन क्विंटलला 2,100 वाचतात. दादर 3,800 रुपये क्विंटल, दुकानात 48 रुपये किलो. दीड क्विंटलला 1,500 वाचतात. डाळीवर 720, तेलावर साडेसहाशेच्या आसपास. म्हणजे सगळे मिळून जवळपास 5,000. गटाचं व्याज महिन्याला 2 टक्के. साडेसात हजार बारा हप्त्यांत फेडले तर व्याज होतं साधारण 975. टेम्पो-हमालीचे 500 धरा. उरले साडेतीन हजार. वाईट नाही. हा बेत मोडीत काढायचा नाही. पण यादी चुकली आहे, आणि खरा पैसा दुसरीकडून गळतोय.

तुम्ही लिहिलंय की रेशनचा तांदूळ घरात कुणी खात नाही. नऊ किलो मिळतो, तो 15 रुपये किलोने देऊन टाकता आणि 8 किलो कोलम 55 ने आणता. हातात येतात 135 आणि जातात 440. महिन्याला 305 रुपये, वर्षाला 3,660. कर्ज काढून वर्षाचं धान्य भरल्यावर जेवढं वाचणार, त्याहून हे जास्त आहे. शिवाय रेशनचं धान्य विकणं हा गुन्हा आहे. कार्डावर कारवाई झाली तर पाच जणांच्या तोंडचा घास जाईल.

"त्यात प्लास्टिकचे दाणे असतात" असं सासूबाई म्हणतात. ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून सांगतो. ते प्लास्टिक नाही. तांदळाचंच पीठ करून त्यात लोह, फोलिक ॲसिड आणि बी-12 जीवनसत्त्व घालतात, त्याचे दाणे पाडतात आणि साधारण शंभर दाण्यांत एक या प्रमाणात मिसळतात. मार्च 2024 पर्यंत देशभर रेशनचा तांदूळ असा केला गेला. फेब्रुवारी 2026 मध्ये केंद्राने हे मिसळणं तात्पुरतं थांबवलं, त्यामुळे तुमच्या तांदळात असे दाणे असतील किंवा नसतीलही. तो दाणा रंगाने जरा वेगळा दिसतो, पाण्यावर तरंगतो, म्हणून बायका निवडून फेकतात. म्हणजे पोरांच्या रक्तासाठी घातलेलं तेवढंच कचऱ्यात जातं. घरात कुणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून मगच हा तांदूळ खायला द्या. आपल्या धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

दुसरी गोष्ट तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात. कार्डावर तीनच नावं आहेत. धाकट्याचं नाव चढवायचं राहिलं आणि सासूबाईंचं नाव जेठांच्या कार्डावर आहे. तुमचं कार्ड प्राधान्य कुटुंबाचं आहे, म्हणजे माणशी 5 किलो, तेही जानेवारी 2023 पासून फुकट. दोन नावं म्हणजे महिन्याला 10 किलो. गव्हाच्या भावाने धरलं तर 360 रुपये, वर्षाला 4,320. तहसीलच्या पुरवठा शाखेत जा. मुलाचा जन्मदाखला आणि आधार लागेल. सासूबाईंचं नाव आधी जेठांच्या कार्डावरून कमी करून घ्यावं लागेल आणि त्याचा दाखला जोडावा लागेल. सगळ्यांची ई-केवायसी झाली आहे का, तेही दुकानात अंगठा लावून बघा. ती नसेल तर असलेलं नावही अडकतं. तालुक्याचा इष्टांक, म्हणजे नावांचा ठरलेला कोटा, भरलेला असेल तर थांबायला सांगतील. तरीही अर्ज देऊन पोच घ्या, म्हणजे जागा होईल तेव्हा तुमचा कागद तिथे असेल.

आता यादीकडे येऊ. तुमच्या घरात महिन्याला साधारण 45 किलो धान्य लागतं: 25 गहू, 12 ज्वारी, 8 तांदूळ. रेशनचं 15 किलो आजही येतं, ते यादीत धरलेलंच नाही. त्यातला तांदूळ खाल्ला तर आणि दोन नावं चढली तर 25 किलो येईल. जास्तीचा तांदूळ थोड्या गव्हाच्या जागी खाल्ला की विकत घ्यायचं राहिलं 20 किलो: 12 दादर, 8 गहू. वर्षाला एक क्विंटल गहू पुरतो. नावं चढायला वेळ लागला तरी हाच एक क्विंटल दिवाळीपर्यंत जाईल, पुढचा तेव्हा बघू. तीन क्विंटल कशासाठी? जास्तीचा गहू पावसाळ्यात सांभाळायचा आणि त्याचं व्याजही भरायचं. माझ्या आईने एका वर्षी उसने पैसे आणून कोठी गळ्यापर्यंत भरली होती. श्रावणात झाकण काढलं तर टोके भिंतीवर चढत होते. अर्ध्या गव्हाचं पीठ कडवट लागायचं, आणि उसने पैसे फिटायचे होतेच. ते वर्ष मी विसरलेलो नाही.

म्हणून कर्ज काढू नका. भिशीच्या 15,000 मधून पहिले 3,400 दुकानदाराला द्या. उधारीचं खातं असलं की भाव विचारायची सोय राहत नाही, जो लावतो तो घ्यावा लागतो. मग 2,900 चा गहू आणि 5,700 ची दादर. दादर मात्र पूर्ण दीड क्विंटल घ्या, ती रेशनवर मिळत नाही आणि आता नवी आलेली आहे. ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट मिळाली तर आणखी बरं. वैशाखाच्या कडक उन्हात दोन-तीन दिवस चांगली तापवा, रात्रभर थंड होऊ द्या, मग कोरड्या कोठीत भरा. गरम धान्य भरलं की आत वाफ धरते आणि कीड तिथूनच सुरू होते. भाडं-हमाली 400 धरली तर 2,600 उरतात. त्यांना हात लावू नका, ते आजारपणाचे.

तेलाचे डबे भरायचे नाहीत. डबा घरात असला की फोडणीला हात सैल सुटतो. तुम्ही महिन्याला 5 लिटर तेल वापरता. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीत मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे 27 ग्रॅम तेल पुरेसं धरलं आहे. त्या हिशेबाने तुमच्या घराला 4 लिटर खूप झालं. शेवभाजीवर तर्री नसेल तर मालक कुरकुरतील, हे मला माहीत आहे. रविवारी येऊ द्या तर्री.

आता पोरांकडे वळतो. पाच माणसांत महिन्याला 3 किलो डाळ म्हणजे माणशी दिवसाला 20 ग्रॅम. त्याच शिफारशीत डाळी-कडधान्य किंवा अंडी-मांस मिळून 85 ग्रॅम सांगितले आहेत. तेवढं गाठायचं तर महिन्याला पावणेतेरा किलो लागेल, आणि 6,500 मध्ये ते बसत नाही. पण 7 किलो बसतं. पोट भरतंय ते पोळी-भाताने, अंगाला लागणारं कमी पडतंय. त्याच महिन्यात दोन्ही पोरांच्या 10-10 रुपयांच्या कुरकुऱ्या पुड्यांवर 600 जातात. डाळीवर 375, पुडीवर 600. हे वाचून स्वतःला दोष देऊ नका, पोरगं दुकानासमोर रडतं तेव्हा कुणाचाही हात खिशात जातो. एकदम बंदही करू नका. आठवड्यातून एकदाच आणायची ठरवा आणि घरात शेंगदाणे-गुळाचा डबा असू द्या.

डाळ वाढवायची सगळ्यात स्वस्त वाट आपल्या खानदेशाने कधीच शोधून ठेवली आहे: कळण्याची भाकरी. दळायला देतानाच दादरमध्ये अख्खे काळे उडीद आणि थोडं मीठ टाका. आमच्याकडे चार किलोला एक किलो, काही घरी दोनाला एक. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी असतो, तो उडदात असतो, म्हणून दोन्ही एकत्र खाल्लेलं अंगी लागतं. तुमच्या 12 किलो दादरला 3 किलो उडीद म्हणजे डाळ वाढली आणि पोरांना वेगळं काही खावंही लागलं नाही. सोबत ठेचा, कांदा आणि भरीत असलं की ताट भरलं. रात्रीची खिचडी होतेच, तीत मूठभर डाळ वाढवा. रेशनचा जास्तीचा तांदूळ उडदाबरोबर भिजवून धिरडी करा. भाजी महाग होते त्या दिवसांत फुणके (डाळीचे वाफवलेले मुटके) आणि कढी. मटकी-हरभऱ्याला मोड आणा. तूरडाळ 36 किलो एकदम नको, कुणी जळगावला जाणार असेल तर डाळ मिलमधून पाच-पाच किलो मागवा.

आठवड्याला प्रत्येक पोराला चार अंडी द्या, एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिनं असतात. घरात चालत नसेल तर त्याच पैशांचं दूध-दही आणि सोयाबीन वडी. केळी आपल्याकडे फणीवर स्वस्त मिळतात, सफरचंदाच्या मागे लागू नका. बाजार उठताना पालेभाजी घ्या, पानावर लिंबू पिळा, आणि जेवणावर लगेच चहा नको, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. शाळेतली खिचडीही मुलांना खाऊ द्या. पहिली ते आठवीपर्यंत ती त्यांच्या हक्काची आहे.

पैसे कुठून, असं तुम्ही विचाराल. धान्य भरल्यावर दुकानातला गहू, दादर आणि कोलम मिळून महिन्याचे सुमारे 1,700 वाचतात. वर्षाचं भरणाऱ्या बहुतेक घरांत हेच पैसे कळत नकळत संपतात आणि पुढच्या चैत्रात पुन्हा कर्ज. त्यातले 720 महिन्याच्या पहिल्याच तारखेला बँकेच्या बारा महिन्यांच्या आवर्ती ठेवीत टाका. पुढच्या आखाजीला 8,640 रुपये आणि वर त्याचं व्याज, सगळं तुमचंच असेल. उरलेल्या 980 मध्ये पुडीचे 500 आणि तेलाचे 150 मिळवा, तांदूळ विकायचा बंद झाल्याने जाणारे 135 वजा करा. जवळपास 1,500 राहतात. चारशे डाळीला, तीनशे अंड्यांना, तीनशे भाजी-फळांना. पाचशे बाजूला, नावं चढली नाहीत तर दिवाळीच्या गव्हासाठी.

आखाजीच्या पुरणपोळीची हरभराडाळ आणि गूळ मी यात धरलेले नाहीत. ते पहिल्या महिन्याच्या पाचशेतून घ्या. पुरणपोळीचं खापर चुलीवर मांडायचंच आहे, त्यात काटछाट नको.