ठाण्याहून पलूस तालुक्यातल्या गावी कायमचं राहायला जातोय. गावात 'सोशल लाइफ' असतं का? संध्याकाळी माणसं करतात तरी काय?

हा तुमचा प्रश्न. सांगली जिल्ह्यातल्या पलूसला वडिलांचं घर कृष्णाकाठी, नोकरी घरून करायची, मिसेस ठाण्यात वाढलेल्या, आणि भीती अशी की साडेसातला जेवून नऊला झोपावं लागेल. प्रश्न नीट कळला, कारण मी त्याच तालुक्यातला. पुण्यात 11 वर्षं काढून 2014 साली परत आलो आणि पहिली दोन वर्षं मलाही असंच वाटायचं, की इथं काही घडतच नाही. घडत सगळं होतं, मी जात नव्हतो.

आधी माझी चूक सांगतो. येऊन चार-पाच महिने झाले असतील. मागच्या गल्लीतली एक म्हातारी गेली. त्या घराशी आमचं फारसं येणंजाणं नव्हतं, त्यात त्या दिवशी ठिबकवाला यायचा होता. संध्याकाळी तिच्या पोराला मोबाइलवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' पाठवली आणि आपलं काम झालं असं समजलो. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनालाही गेलो नाही, म्हटलं ते भावकीचं काम. आठवड्यानं डेअरीवर आमचे चुलते भेटले. रागावले वगैरे काही नाहीत. किटली खाली ठेवत एवढंच म्हणाले, "मातीला दिसला न्हाईस."

माती म्हणजे आपल्याकडं अंत्यविधी, हे तुम्हाला वडिलांकडून माहीत असेलच. पण त्या वाक्यातला 'दिसला' हा शब्द लक्षात ठेवा. गावात माणूस येत नाही, दिसतो. कोण दिसलं, कोण दिसलं नाही, कोण उशिरा आलं आणि लाकडं रचायला हात न लावता मोबाइल बघत उभं राहिलं, हे कुणी वहीत लिहीत नाही, पण विसरतही नाही. त्याच वर्षी आमच्या उसाला तोड आली तेव्हा ट्रॅक्टर ज्या वाटेनं बाहेर काढायचा होता ती वाट त्याच म्हातारीच्या पोराच्या रानातनं जात होती. त्यानं अडवलं नाही. फक्त "बघू की, गहू निघू दे" म्हणाला. गहू निघायला महिना होता.

बोलावण्याचा नियम इथं असा आहे. बोलावणं येतं लग्नाचं, वास्तुशांतीचं, सत्यनारायणाचं. त्यातही प्रकार आहेत. घरातला एक माणूस यायचं आमंत्रण वेगळं आणि 'चूलबंद' वेगळं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. बाकी कशालाच बोलावणं येत नाही. मयत, रक्षाविसर्जन, दहावं, कुणाची म्हैस अडली, कुणाची मोटर विहिरीत पडली, कुणाच्या घराचा स्लॅब टाकायचाय, इथं आपणहून जायचं असतं. मी दोन वर्षं कुणीतरी बोलावेल म्हणून वाट बघत बसलो आणि गाव समजलं की ह्याला गरज नाही.

आता संध्याकाळचं. खरं तर गावाची संध्याकाळ सकाळीच सुरू होते, डेअरीत. सहा-साडेसहाला किटल्या, बरण्या घेऊन रांग लागते. मशीनवर फॅट लागेपर्यंतची चार-पाच मिनिटं म्हणजे आमचं वर्तमानपत्र. कुणाची म्हैस व्याली, चिटबॉय, म्हणजे साखर कारखान्याचा ऊस बघणारा माणूस, कुणाच्या प्लॉटवर येऊन गेला, कुणाच्या पोरीला बघायला कुठले पाव्हणे आले होते, पाण्याची पाळी कुणाची. दहा दिवसांनी बिल निघतं त्या दिवशी गर्दी जास्त आणि विनोद कमी. तुमच्याकडं म्हैस नसणार. तरी रतीबाचं दूध घरपोच घेऊ नका, स्वतः भांडं घेऊन जा. आणि शेजारी म्हैस व्याली की वाटीभर चीक येईल. ते भांडं धुऊन रिकामं परत द्यायचं नसतं, चिमूटभर साखर तरी घालायची. माझी बायको पहिल्यांदा विसरली होती. ते भांडं परत घ्यायला आलेली काकी नुसती हसली, पण पुढच्या चिकाला आमचं घर वगळलं गेलं.

संध्याकाळी देवळात हरिपाठ असतो, पारावर रिटायर मंडळी असतात, पोरं तालमीत नाहीतर क्रिकेटच्या ग्राउंडवर. बाकीचं सगळं थ्री फेज लाईट कधी आहे त्यावर. काही दिवस शेतीची लाईट दिवसा, काही दिवस रात्री. रातपाळी असली की माणसं जेवून रानात जातात. हल्ली बिबट्या दिसतो म्हणून दोघं-तिघं मिळून जातात, आज माझा ऊस भिजवायचा, उद्या तुझा. बांधावर बसून रात्री एक वाजता जेवढं मनातलं बोलणं होतं तेवढं लग्नाच्या मांडवात कधी होत नाही. माझे आजचे दोन जवळचे मित्र त्या बांधावरचे आहेत. बिबट्याचे उपकार.

टीव्हीनं संध्याकाळ खाल्ली हे खरंच आहे. आपल्या शेजारच्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. 2022 पासून तिथं रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. पोरं अभ्यास करतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. गावसभेत ठरवलं आणि निभावलं. आमच्याकडंही काही हौशी मंडळींनी तसं ठरवून पाहिलं. अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी भारत-पाकिस्तान मॅच होती.

वर्षाचं चक्र वेगळं. आपल्याकडं पोळा नाही, बेंदूर, आषाढात. बैल थोडेच उरलेत, त्यामुळं ट्रॅक्टरलाही हार घालतात. पण संध्याकाळी वेशीत कर, म्हणजे आडवा बांधलेला दोर, बैलानं तोडायची असते तेव्हा जो एकच खिल्लारी बैल असतो त्याच्यामागं अख्खं गाव पळतं. पंचमीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात. कार्तिकात पहाटे काकडा. संक्रांतीला औदुंबरला साहित्य संमेलन भरतं, कवी सुधांशूंच्या गावात, नदीच्या काठावर. शहरातल्या संमेलनासारखा पास-बिस लागत नाही, जाऊन बसायचं. मोहरमला पोरं कडेगावचे उंच ताबूत बघायला जातात, आणि ते ताबूत उचलणाऱ्यांत हिंदू घरं किती असतात हे बघून बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. इथल्या माणसाला वाटत नाही.

यात्रेवर मात्र जरा थांबतो, कारण पहिल्या वर्षी तुमची परीक्षा तिथं आहे. यात्रेच्या आधी पंधरा दिवस वर्गणीला पोरं येतील. किती द्यायची ते त्यांना विचारू नका, शेजाऱ्यानं किती दिली ते विचारा. त्याच्यापेक्षा थोडी कमी द्या. जास्त दिलीत तर 'ठाण्याचं पैशावालं' ठराल आणि ते नाव पुसायला दहा वर्षं लागतील. यात्रेत पालखी, रात्रीचा छबिना, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचं मैदान. सुरुवातीला बारकी पोरं रेवडीवर लढतात, मग नारळ, मग रोख इनाम, शेवटच्या जोडीला अंधार पडतो. शेजारी कुंडलचं मैदान तर महाराष्ट्रभर नावाजलेलं. बैलगाडी शर्यती 2014 पासून बंद होत्या, डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परत परवानगी दिली, तेव्हापासून तरण्या पोरांचं अर्धं वर्ष त्यातच जातं. आणि मटण. यात्रेच्या दिवशी तुमच्या घरी कोण जेवून गेलं यावर तुमचं घर किती 'माणसाचं' ते ठरतं. मोठ्या भांड्यात करा. न सांगता येतात, आणि ते चांगलं लक्षण असतं.

तुम्ही लिहिलंय की गावात खासगीपण राहत नाही, सगळ्यांना सगळं माहीत असतं. असतं. कुणाच्या दारात कुणाची गाडी उभी होती इथपासून. मीही त्यावर चिडायचो. मग 2019 चा ऑगस्ट आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, 45 ही धोक्याची पातळी. ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी नाव उलटली ती आपल्याच तालुक्यात, 8 ऑगस्टला. आमच्या गावात त्याच्या आदल्या रात्री पाणी खालच्या आळीत शिरलं तेव्हा कुठली यादी नव्हती, अधिकारी नव्हता. तालमीतली पोरं कंदील आणि दोर घेऊन निघाली. कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेला म्हातारा आहे, कोण पोटुशी आहे, कुणाच्या गोठ्यात किती जनावरं आणि त्यातली मारकी कुठली, कुणाचा पोरगा मुंबईला असतो आणि आई एकटीच माळवदावर झोपते, हे त्या पोरांना पाठ होतं. एक घरही चुकलं नाही. जनावरं माळावरच्या शाळेत बांधली, पंधरा दिवस वैरण दुष्काळी भागातल्या लोकांनी ट्रकनं पाठवली. तेव्हापासून कुणी "कुठं निघाला?" विचारलं की मी नीट उत्तर देतो.

हे सगळं गोडच आहे असं समजून येऊ नका. लोकसभेला इथं कुणी भांडत नाही, पण गावच्या विकास सोसायटीच्या आणि साखर कारखान्याच्या निवडणुकीत पॅनेलवरून सख्खे भाऊ बोलायचे थांबतात. लग्नाला जात नाहीत. मातीला मात्र दोन्ही पॅनेल येतात, लांब-लांब उभी राहतात, पण येतात. तुम्ही आल्या-आल्या कुणाच्या गाडीत बसून मतदानाला जाऊ नका, चालत जा. आणि वस्त्या अजून वेगळ्या आहेत. कुणाला चूलबंद आणि कुणाला नुसतं 'या', यात जात किती आहे ते पहिल्या लग्नातच कळेल. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, चार-पाच महिने शिवारात कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, घालून राहतात, त्यांच्याकडून आपण जनावरांना वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, घेतो. एका साली एका कोपीत बारकं पोर तापानं गेलं. गावातनं कोण कोण दिसलं? मुकादम, शाळेतल्या एक बाई आणि आम्ही तिघं बांधावरचे. माझ्या त्या चुलत्यांना मी डेअरीवर तेच वाक्य ऐकवलं. त्यांनी फॅटची पावती खिशात घातली आणि निघून गेले.

आता तुमच्या मिसेसबद्दल. त्यांचं गाव तुमच्यापेक्षा वेगळं असणार, कारण पार आणि तालीम बाईमाणसाला नाही. बायकांचं बोलणं भांगलणीत, म्हणजे रानातलं तण काढताना, होतं. ओळीनं पात धरून बसतात, हात चालू आणि तोंडही चालू, दुपारी बांधावर भाकरी सोडतात आणि प्रत्येकीच्या कालवणाला प्रत्येकीचा हात. त्यांनी भांगलायला जावं असं म्हणत नाही, जमणारही नाही, पण आपल्या रानात बायका असतील तेव्हा दुपारची भाकरी तिथं नेऊन खावी. दुसरी जागा बचत गट. महिन्याची बैठक, हप्ता भरणं पाच मिनिटांत होतं, बैठक दोन तास चालते. शिकलेली बाई मिळाली की हिशोबाची वही तिच्या हातात येते, आणि वही आली की गाव आलं. माझ्या बायकोचं तसंच झालं. आज गावात मला 'अमकीचा नवरा' म्हणून ओळखतात.

नऊवारीतल्या म्हाताऱ्या पहिल्याच आठवड्यात दारात येऊन त्यांना विचारतील, "काय गं, कुठली म्हणायची तू?" तेव्हा ठाणं सांगू नका म्हणावं. आईवडिलांचं मूळ गाव सांगायचं, मामाचं आडनाव सांगायचं. मग ती म्हातारी उंबऱ्यावर बसेल आणि तासाभरात तिची कुणीतरी पाव्हणी लागेल.