गाणं 'जी'मध्ये, हार्मोनिका 'सी'ची

अरे, परवा वाशीला प्रॅक्टिसमध्ये तुझा सूर छान लागला होता, पण तू गायकाच्या प्रत्येक ओळीवर वाजवत होतास. तो शब्द म्हणतोय तोवर हार्मोनिका खाली घे. ओळ संपली की मधल्या जागेत दोन-तीन सूर, बस्स. नॅशव्हिलच्या हार्मोनिकावाल्या चार्ली मॅकॉयला ऐक, आणि तो कुठे थांबतो तिकडे कान ठेव.

गाणं 'जी' पट्टीमध्ये असेल तर 'सी' पट्टीची हार्मोनिका काढ, 'ए'मध्ये असेल तर 'डी'ची. मग दुसऱ्या भोकातून श्वास ओढला की थेट सा लागतो, आणि नेमके कामाचे सूर ओढून वाकवता, म्हणजे खाली उतरवता येतात. तुझं ते दुसरं भोक गुदमरतं, म्हणून वाद्य बदलायला निघू नकोस. सुरुवातीला सगळ्यांचं तसंच होतं. तू फार जोरात ओढतोस. जांभई येताना घसा उघडतो ना, तसा ठेव, जबडा सैल सोड आणि पोटातून सावकाश श्वास घे. मी हा एकच सूर महिनाभर घोटलाय, आणि त्याचं चीज झालं.

शुद्ध नी हवा असेल तर 'कंट्री ट्यूनिंग' नावाच्या वेगळ्या जुळणीची हार्मोनिका घे. तिच्यात पाचव्या भोकाचा ओढायचा सूर अर्ध्या स्वराने चढवलेला असतो.

आपल्या ठाण्याच्या पावसाळ्यात हार्मोनिकाचा लाकडी 'कोंब' (comb, म्हणजे मधला भोकांचा सांगाडा) फुगतो, त्यामुळे प्लॅस्टिकचाच बरा. वाजवून झालं की भोकं खाली करून तळहातावर आपट, ओलावा निघतो. आणि ब्रेकमध्ये वडापाव खाल्लास तर आधी चूळ भर, मगच ओठाला लाव.