एका क्लिकचं पेटंट

प्रश्न: अमेरिकेत सॉफ्टवेअरला पेटंट मिळतं, त्यात वाईट काय? – एक वाचक, सांगली

उत्तर: अहो, अ‍ॅमेझॉनचंच बघा ना, एका क्लिकवर ऑर्डर द्यायचं पेटंट त्यांना १९९९ मध्ये मिळालं आणि लगेच त्यांनी बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्री कंपनीला कोर्टात खेचलं, अ‍ॅपलने तर सरळ लायसन्सच घेतलं, आणि हे पेटंट २०१७ पर्यंत चाललं! मोठ्यांकडे वकील असतात हो, पण दोन पोरांच्या कंपनीवर कोणी पेटंटची केस टाकली तर तिने काय करायचं, केस जिंकायलाही लाखो डॉलर जातात म्हणून चूक नसताना पैसे देऊन मोकळे होतात. २०१४ मध्ये अ‍ॅलिस नावाच्या कंपनीच्या केसमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, एखादी अमूर्त कल्पना नुसती कॉम्प्युटरवर चालवली म्हणून पेटंट नाही, ते बरंच झालं. पण पेटंटची वीस वर्षांची मुदत सॉफ्टवेअरला फारच जास्त आहे, ती कमी करायलाच हवी.